भाषेचा रकाना

सुरतेत सिनेमे बनतात असं सांगितलं की पुण्याची माझी नणंद हसते. "वहिनी, तिथे साड्या बनतात," म्हणते. बनतात ना साड्या, कोण नाही म्हणतंय! पण सिनेमेही बनतात, आणि त्या सिनेमांच्या फायली बनवण्यात माझी उभी हयात गेली. कॅमेरा कुठल्या बाजूने धरतात ते मला विचारू नका. पण सरकार सिनेमाला जे अनुदान देतं, करात जी सवलत देतं, ती मिळवायला कुठला कागद कुठल्या कागदावर लावायचा, ते मला झोपेतून उठवून विचारा.

रिंग रोडच्या कापड मार्केटमागे आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. कोर्टातले वकील नव्हेत. टॅक्सचं काम करणाऱ्याला सुरतेत सगळे वकीलच म्हणतात. बहुतेक गिऱ्हाइकं कापडवाली. माझे वडील खानदेशातून आले आणि पांडेसऱ्याच्या मिलमध्ये लागले, त्यामुळे माझं शिक्षण इथल्याच मराठी शाळेत झालं. गुजराती टायपिंग नंतर शिकले आणि या ऑफिसात चिकटले. तिथे मी रेखाबेन झाले. साहेबांना सिनेमाच्या फायलींचा कंटाळा, एकेका फायलीला ढीगभर जोडपत्रं, म्हणून ती सगळी भानगड माझ्या टेबलावर येऊन पडायची. मला मात्र ती आवडायची. कापडाच्या फायलीत नुसते आकडे असतात, सिनेमाच्या फायलीत माणसं भांडतात.

बाहेरच्या माणसाला आधी थोडं समजावून सांगते. पूर्वी तिकिटावर मनोरंजन कर असायचा आणि आपल्या भाषेतल्या सिनेमाला सरकार तो माफ करायचं. जीएसटी आला तसा तो कर गेला, पण अनुदान राहिलं. अनुदान म्हणजे सरकार आधी पैसे देतं असं लोकांना वाटतं. छे! सिनेमा तुम्ही तुमच्या खिशातून बनवायचा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणायचं, थिएटरात लावायचा, आणि मग अर्ज करायचा. अर्ज पात्र ठरला तर जाणकारांची समिती सिनेमा बघते, त्याचा दर्जा ठरवते, आणि दर्जाप्रमाणे रक्कम मिळते. त्यात प्रत्येक राज्य आपल्या भाषेपुरतं बघतं. गुजरातचं सरकार गुजराती सिनेमाला देतं, महाराष्ट्राचं मराठीला.

म्हणून नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी माझा नियम ऐकवायचे. नाव, लांबी, भाषा. या तीन गोष्टी सगळ्या कागदांवर एकसारख्या पाहिजेत, काना-मात्रेचाही फरक चालणार नाही. कारण समितीच्या आधी एक कारकून फाईल बघतो. तो सिनेमा बघत नाही, हे तीन रकाने बघतो. रकाने जुळले नाहीत तर समितीला तुमचं नावसुद्धा कळत नाही. वकीलसाहेब नवीन लोकांना माझ्या फायली नमुना म्हणून दाखवायचे. "रेखाबेननी फाइल एटले पत्थरनी लकीर," म्हणायचे, म्हणजे दगडावरची रेघ, आणि मी मान खाली घालून टाचण्या लावत बसायचे. आतून किती फुगायचे ते माझं मला माहीत.

नमुने काय कमी आले का! ॲनिमेशनला सवलत मिळणार अशी बातमी आली, तेव्हा पलसाण्याकडच्या एका मिलमालकाचा जावई धावत आला. साड्यांची डिझाइनं तो कॉम्प्युटरवर काढायचा. "रेखाबेन, अमे पण ॲनिमेशन ज करीए छीए ने!" म्हणाला. मी विचारलं, भाई, तुमचं फूल हलतं का? नाही म्हणाला. हललं पाहिजे, मी म्हटलं. आठ दिवसांनी आला तो फूल हलवूनच. पदराच्या कोपऱ्यातून एक फुलपाखरू यायचं, फुलावर बसायचं, उडून जायचं. मी म्हटलं, आता याला गोष्ट हवी. तर मलाच म्हणतो, "आवे छे, बेसे छे, जाय छे. आनाथी मोटी स्टोरी शुं होय?" याहून मोठी गोष्ट काय असते! मी त्याला चहा पाजला आणि हात जोडले. आता वाटतं, बिचारा बोलला ते काही खोटं नव्हतं.

दुसरा एक निर्माता होता, त्याला हसावं की रडावं ते कळेना. डुमसच्या बाजूला एका फार्महाऊसवर थोड्या दिवसांत त्याने अख्खा पिक्चर उरकला होता. नायिका सगळा वेळ एकाच झोपाळ्यावर, कारण दुसरीकडे कॅमेरा फिरवला तर शेजारच्यांची म्हैस दिसायची. "पब्लिकने जोवानुं ज नथी, बेन. कमिटी जुए एटले बस," असं तोंडावर सांगायचा, म्हणजे लोकांनी बघायचाच नाही, समितीने बघितला की झालं. त्याची फाईल मी केली. नाव, लांबी, भाषा, सगळं ठाकठीक. समितीने तो पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघितला. हलका का होईना, दर्जा दिला, आणि त्याने ऑफिसात पेढे वाटले. मीही एक खाल्ला. हे इथे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सांगायचं तर हे सांगायलाच हवं.

आता भटूआप्पांचं.

भटूआप्पा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये कलर मास्टर होते. कापड रंगवायच्या आधी कुठला रंग किती घ्यायचा, ते ठरवणारा माणूस. बोटांची नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची असायची. आमच्याच चाळीच्या पुढच्या गल्लीत राहायचे, माझ्या वडिलांना ओळखायचे, त्यामुळे मला 'बहिन' म्हणायचे. त्यांची बायको मंगलामावशी. गावाकडून एकटे आलेले कामगार जेवायला तिच्याकडे असायचे, ती खाणावळ तिने कितीतरी वर्षं चालवली.

मिलमधून निवृत्त झाल्यावर या माणसाने सिनेमा बनवला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा चळला. कॅमेरा भाच्याचा, नट मिलचेच कामगार, आणि गोष्ट एका खाणावळवाल्या बाईची. ती रोज एक ताट जास्तीचं वाढून ठेवते, कारण गावाहून कोणीतरी नवीन येईल आणि उपाशी असेल. ते काम मंगलामावशीने केलं होतं. आणि सगळा सिनेमा अहिराणीत. अहिराणी म्हणजे आमची खानदेशची बोली, माझ्या आईची, घरातली. शाळेत गुरुजी ती बोललं की हातावर छडी द्यायचे, आणि ऑफिसात तर मी ती कधी तोंडातून निघू दिली नाही. आप्पांशीही टेबलापलीकडून मी मराठीच बोलायचे. त्यांनी त्याचं कधी वाईट मानलं नाही.

फाईल करण्याआधी सिनेमा बघ, असा त्यांचा हट्ट. एका रविवारी दुपारी त्यांच्या घरी भाच्याच्या कॉम्प्युटरवर बघितला. मावशी शेजारी लसूण सोलत बसली होती, स्वतःला पडद्यावर बघून लाजत होती. एका प्रसंगात एक पोरगेलासा कामगार दारात उभा आहे, आत यायला संकोचतोय, आणि ती त्याच्याकडे न बघताच म्हणते, "भूक लागनी व्हई तुले. बठ, दोन घास खाई ले." एवढंच. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला एकदम तिचा आवाज ऐकल्यासारखं झालं. सिनेमा संपला. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत बसले. मावशीही लसूण सोलायची थांबली. आणि मी काय बोलावं? मी पर्स उघडून वही काढली आणि विचारलं, "लांबी किती मिनिटांची आहे, आप्पा?"

धंद्याची सवय, दुसरं काय. फाईलवालीने सिनेमाबद्दल मत द्यायचं नसतं, ते समितीचं काम, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे डोळे पुसावे लागले असते आणि मला ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सेन्सॉरचा अर्ज भरायला बसले. नाव भरलं, लांबी भरली. भाषेच्या रकान्यात मी तोवर किती वेळा 'गुजराती' लिहिलं असेल त्याला गणती नाही. माझ्या मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेपुढे 'मराठी' लिहिलं. त्या दिवशी मी लिहिलं, 'अहिराणी'. चुकून नव्हे हो. चांगली शुद्धीत होते. लिहून झाल्यावर दोन मिनिटं त्या शब्दाकडे बघत बसले आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा ती भाषा एका सरकारी कागदावर लिहिली होती. प्रमाणपत्र आलं त्यावरही तीच छापून आली. आप्पांनी ते देवाजवळ ठेवलं.

पुढे सिनेमा उधन्याच्या एका जुन्या थिएटरात तीन दिवस लागला. पाळी सुटली की माणसं डबे घेऊन थेट थिएटरात. शिट्ट्या, टाळ्या, काही जण रडले. मला वाटलं आप्पा खूश असतील, पण ते शांत होते. म्हणाले, "बहिन, लोके तं आपलाच शेतस. त्या टाळ्या वाजाडतीनच. जानकार मानूसनी देखाले पाह्यजे." आपले लोक आपल्याला चांगलंच म्हणणार, ज्याला यातलं कळतं अशा परक्या माणसाने बघितला पाहिजे, मगच खरं. रंगाचंही त्यांचं तसंच असायचं. कापड मिलमध्ये कितीही सुंदर दिसलं तरी बाहेर धुऊन बघेपर्यंत ते बोलायचे नाहीत. पैशाचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना ती समिती हवी होती.

गावचा पत्ता धुळ्याकडचा होता, म्हणून अर्ज महाराष्ट्रात केला. तो मराठी सिनेमांसाठीचा अर्ज, त्यात भाषेपुढे मी नेहमीच्या सवयीने 'मराठी' लिहिलं. खाली जोडपत्र म्हणून सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत लावली, जिच्यावर 'अहिराणी'. दोन्ही कागद माझ्याच हाताने एकावर एक ठेवले आणि टाचणी मारली. ज्या बाईने अर्ध्या सुरतेला तीन रकान्यांचा नियम शिकवला, तिने.

चार-पाच महिन्यांनी पत्र आलं. दोन ओळींचं. नियम क्रमांक अमुक अन्वये आपला चित्रपट अनुदानासाठी अपात्र ठरविण्यात येत आहे. नियमाचा नंबर बघितला. तो नंबर मला पाठ होता: कागदोपत्री तफावत. म्हणजे फाईल कारकुनाच्या टेबलावरूनच परत आली होती. समितीपर्यंत गेलीच नाही. सिनेमा कोणी बघितलाच नव्हता.

आप्पा समोरच्या खुर्चीत बसले होते. स्वच्छ धुतलेला सदरा घालून आले होते. पत्र हातात घेऊन त्यांनी एकेक अक्षर वाचलं आणि बोट 'अपात्र' या शब्दावर ठेवलं.

"म्हंजे पिच्चर लायक नही. आसंच ना?"

सरकारी भाषेत अपात्र म्हणजे नियमात न बसणारा. आप्पांच्या भाषेत अपात्र म्हणजे नालायक. एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं: आप्पा, त्यांनी बघितलाच नाही. पण ते बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, का नाही बघितला? मग माझा रकाना आला असता. आतल्या खोलीत वकीलसाहेब बसले होते, दार उघडं होतं. अपील करायलाही मुदत होती, पण अपिलात चूक कोणाची ते लिहून द्यावं लागतं आणि त्यावर साहेबांची सही लागते. पत्थरनी लकीर! माझं नाक मोठं झालं होतं हो, दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "सरकारी भाषा असते, आप्पा. मनाला लावून घेऊ नका."

"नही, नही," ते म्हणाले. उलट मलाच समजावायला लागले. "त्यास्नं बराबर शे. मन्हा रंग कच्चा निंघना." पत्राची नीट घडी घातली, माझे आभार मानले, आणि जिना उतरून गेले. मी दुसरी फाईल ओढली.

त्यानंतर आप्पांनी सिनेमाचं नाव काढलं नाही. गल्लीत कोणी विषय काढला तर हसून उडवून लावायचे. मंगलामावशी एकदा भाजीबाजारात भेटली तेव्हा म्हणाली, आता हे बसून असतात, बोलत नाहीत कोणाशी. मी म्हटलं, होईल ठीक. मेथीची जुडी निवडत होते मी.

मावशी गेली ती साध्या दुखण्याने, ते वाढत गेलं आणि ती संपली. गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे तेराव्याला, मी गेले. घर माणसांनी भरलेलं. जी माणसं कधीकाळी तिच्याकडे जेवली होती ती पार हजीऱ्यापासून आली होती, मोठाले बाप्ये ढसाढसा रडत होते. कोणीतरी भाच्याला म्हणालं, अरे, तो सिनेमा लाव ना, तेवढंच तिचं बोलणं ऐकू. भाचा हळू आवाजात म्हणाला की तो आता नाही. कॉम्प्युटर भरला होता, त्याने मामांना विचारलं होतं ठेवू का, तर मामा म्हणाले होते, "कामना नही तो. पुसी टाक." समितीसाठी पाठवलेला पेनड्राइव्ह फायलीबरोबर परत आला होता, तोही आप्पांनीच पुसून घेतला होता. त्यात मावशीसाठी भजनं भरली होती. थिएटरवाल्यांनी त्यांची प्रत केव्हाच काढून टाकली होती. मावशीच्या जुन्या फोनमध्ये काही असेल म्हणून पोरांनी शोधलं, पण फोटोशिवाय काही निघालं नाही.

मी भिंतीला टेकून बसले होते. त्या घरात त्या दिवशी तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे मी निवृत्त झाले. ऑफिसात शाल दिली, साहेबांनी पुन्हा तेच पत्थरनी लकीरचं भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता फायली ऑनलाइन असतात आणि रकाने जुळले नाहीत तर कॉम्प्युटर लगेच लाल अक्षरात सांगतो. चांगलंच आहे. या अंकासाठी अनुभव लिहा असा फोन आला, तेव्हा मी फुलपाखरू लिहिलं, म्हैस लिहिली, आणि मग हात थांबला. जे ज्याचं आहे ते आधी त्याला सांगितल्याशिवाय लोकांना कसं सांगायचं? पेन ठेवलं आणि चपला घातल्या.

आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. खूप वाळलेत. नखं आता साधी, कुठलाच रंग नाही. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. रकाना, टाचणी, नियमाचा नंबर, अपील, साहेबांचं उघडं दार. बोलायला लागले मराठीत, पण मध्येच कधीतरी अहिराणी सुरू झाली, माझं मलाच कळलं नाही. वाटलं होतं ते चिडतील. निदान शिवी तरी हासडतील. मला ती हवी होती.

गल्लीकडे बघतच ते म्हणाले, "त्यास्नी देखाच नही?"

"नही, आप्पा."

"कोनीच?"

"कोनीच नही देखा."

आतून सुनेने चहा आणून ठेवला. त्यांनी कप उचलला नाही. मग खुर्ची माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "तू तं देखा व्हता ना? घर बठीसन, पुरा. कसा व्हता?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे विचारलं नव्हतं, आणि मी आपणहून सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, चांगला होता आप्पा, फार चांगला होता. मावशी बोलायला लागली तेव्हा मला माझी आई आठवली. मी तिथे रडले असते, म्हणून वही काढली. तुमचा रंग अजिबात कच्चा नव्हता. मी धडाधड बोलत सुटले होते. ते ऐकत होते, एकेका शब्दाला मान हलवत होते. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता.

"मंग तव्हयच काबर नही सांगं, बहिन?"

मग तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाले, तू एकटीने म्हटलं असतंस तरी मी पुसला नसता.